वरची खिचडी, खालची खिचडी

मी चिडकी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. वर्गात मी पुस्तकातली मराठी बोलते, पण डोकं फिरलं की तोंडातून सरळ वऱ्हाडी बाहेर पडते आणि पोरांना कळतं, आता गप बसायचं. जन्म बुलढाणा जिल्ह्यातला, नोकरीही सगळी इथलीच. ज्या शाळेत हे घडलं ती धामणगाव बढेला बाजाराला जाणाऱ्या एका गावातली, जिल्हा परिषदेची, पाचवीपर्यंतची. गाव उतारावर आहे. पाण्याची टाकी वरच्या टोकाला आणि शाळा पार खालच्या टोकाला.

परिसर अभ्यास हा विषय मी कितीतरी वर्षं नुसता वाचून शिकवला. 'पाणी दूषित होण्याची कारणे', चला, खालचे प्रश्न सोडवा, झालं. मग एका पावसाळ्यात वर्गाचं छत गळायला लागलं म्हणून पोरांना व्हरांड्यात बसवलं. समोर डबकं होतं. पोरं धडा सोडून डबक्यात वळवळणाऱ्या अळ्या बघायला लागली. आधी मी खेकसले. मग माझ्याच लक्षात आलं, अगं बाई, पान तर डासांचंच चालू आहे! घरून लोणच्याची रिकामी बरणी आणली, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा बांधला. काही दिवसांनी बरणीत डास उडायला लागले आणि पोरं अशी नाचली की शेजारच्या वर्गातून हेडसर धावत आले.

तेव्हापासून धडा आधी बाहेर आणि मग पुस्तकात, असं सुरू झालं. बाटली कापून पाऊस मोजला. शेतातली, रस्त्यातली, घरामागची माती पाण्यात ढवळून ठेवली आणि काय तळाला बसतं ते पाहिलं. आणि वर्गात एक पद्धत पडली. कोणी काही ठासून बोललं की बाकीच्यांनी विचारायचं, "कशावरून?" याचा मला त्रासही झाला, कारण पोरं आईबापांनाही तेच विचारू लागली. एक आजोबा तक्रार घेऊन आले होते, "मॅडम, नातू मले म्हनते, कशावरून तुमी माहे आजोबा?" मी पोट धरून हसले.

आता मावशीचं सांगते. मावशी म्हणजे आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी बाई. अकरा वर्षं ती चूल सांभाळत होती. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायची, एकटीच्या जिवावर संसार ओढायची. बोलणं कमी, पण कोणत्या पोराला तिखट चालत नाही, कोण लाजून दुसऱ्यांदा मागत नाही, हे सगळं तिला पाठ. 'तिच्या हातचं नको' म्हणणारी दोन-तीन घरं गावात होती, हेही खरं आहे. तोंडावर कोणी म्हणत नसे. त्यांची पोरं घरून डबा आणायची, एवढंच.

नियम असा की खिचडी पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं चाखायची आणि चव रजिस्टरात लिहून सही करायची. मावशी रोज छोट्या ताटलीत खिचडी आणून माझ्या टेबलावर ठेवायची. आणि मी? मी घरून जेवून यायची, वर पित्ताचा त्रास. एखादा घास खाल्ला तर खाल्ला, नाहीतर ताटली तशीच परत जायची. रजिस्टरात मात्र रोज 'चव चांगली'. कधी कधी तर शनिवारी बसून आठवड्याच्या सह्या एका दमात ठोकायची. असं करणारी मी एकटीच नव्हते, पण म्हणून माझं पाप काही हलकं होत नाही.

नवरात्र चालू होतं. एका गुरुवारी माझ्या वर्गातली निम्मी पोरं आलीच नाहीत. उलट्या, जुलाब. आरोग्य केंद्रातून सिस्टर आली, तिनं ओआरएसची पाकिटं वाटली, एका पोरीला सलाईन लावावं लागलं. देवाची कृपा, दोन दिवसांत सगळी सावरली. पण शुक्रवारी सकाळी शाळेच्या फाटकात पालक जमले. हेडसर रजेवर, चार्ज माझ्याकडे.

"खिचडीत काय घातलं व्हतं?" एक जण ओरडला.

"पाल पडली असंन, दुसरं काय," मागून एक बाई म्हणाली.

मावशी चुलीच्या खोलीच्या दारात उभी होती. "काई पडलं नाई बाप्पा. मी सोता झाकन ठेवून बसली व्हती," ती म्हणाली. तिचं कोण ऐकतं!

शाळा समितीचे अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मॅडम, रजिस्टरात तुमची सही हाय. तुमी चाखली व्हती ना? कशी व्हती?"

बुधवारची ताटली मी हातही न लावता परत पाठवली होती. 'चाखली नव्हती' म्हटलं तर सही खोटी, म्हणजे निलंबन. 'चाखली, चांगली होती' म्हटलं तर हा जमाव माझ्यावर उलटणार. आणि मी, जी पोरांना रोज कशावरून-कशावरून शिकवते, ती काय बोलले?

"मी चाखली ती वरची खिचडी होती. वरची चांगली होती. खालची कशी होती ते मी कसं सांगू?"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. एवढंच वाक्य, पण जमावाला तेवढंच पाहिजे होतं. "म्हंजे खाली जयली, करपली असंन", "खाली जुने तांदूळ असतीन", जो तो बोलायला लागला. डबा देणाऱ्या घरांतल्या एकीनं "मी तं पयलेच म्हनत व्हती" असं मोठ्यानं म्हटलं. अध्यक्षांनी मावशीला सांगितलं की सोमवारपासून येऊ नको, पुढचं मग पाहू. मावशीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. पदराला हात पुसले आणि गेली.

शनिवार-रविवार मी घरी सगळ्यांवर डाफरत काढले. नवरा म्हणाला, "काय झालं, कोणाचा राग आहे?" मी सांगितलं नाही.

सोमवारी खिचडीऐवजी बिस्किटाचे पुडे वाटले. पाचवीत गेले तर पोरं हळू आवाजात तेच बोलत होती. म्हटलं, बरं, आजाराचाच धडा घेऊ. फळ्यावर लिहिलं, 'आपण आजारी का पडलो?' सगळा वर्ग ओरडला, "खिचडीनं!"

आणि तिसऱ्या ओळीतली एक किडकिडीत पोरगी म्हणाली, "कशावरून?"

मला वाटलं सवयीनं विचारतेय. मी म्हटलं, "बस खाली." ती बसली नाही.

"मॅडम, माहा तं बुधवारी उपास व्हता. मी खिचडी खाल्लीच नाई. घरून साबुदाना आनला व्हता. तरी मले हागवन लागली."

वर्ग खो-खो हसला. मला हसू आलं नाही. मी खडू खाली ठेवला. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या पोरीचा राग आला, इतका की 'गप बस बे' जिभेवर आलं होतं. कारण ती बरोबर आहे हे मला लगेच कळलं होतं.

"मग तू शाळेत आणखी काय खाल्लं, काय प्यालीस?" मी विचारलं.

"पानीच पेली. टाकीतलं."

मग पोरांनीच हात वर करून हिशोब लावला. शाळेच्या टाकीतलं पाणी प्यालेली बहुतेक सगळी आजारी. घरून बाटली आणणारी जवळजवळ सगळी ठणठणीत, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी खिचडी दोनदा घेतली होती. डबेवाल्या घरचा एक पोरगा लाजत उभा राहिला. त्यानंही खिचडी खाल्ली नव्हती, टाकीचं पाणी मात्र प्याला होता आणि रात्रभर जागला होता. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझा चेहरा पोरांना दिसू नये असं वाटलं.

शाळेत पाणी तपासायच्या ओटी औषधाची बाटली होती. पाण्यात या औषधाचे थेंब टाकले, आणि पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं. नसेल तर जसंच्या तसं राहतं. आम्ही शाळेच्या टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, थेंब टाकले. काहीच नाही.

"टाकीतलं पानी जुनं हाय, टीसीएल उडून गेलं असंन," एक जण म्हणाला. बरोबर होतं. म्हणजे नळाला ताजं पाणी येईल तेव्हाच तपासायला हवं. नळ तिसऱ्या दिवशी यायचे, तासभर. पुढचं पाणी मंगळवारी सकाळी होतं.

मंगळवारी मी वर्ग घेऊन रस्त्यावर उतरले. बाटली माझ्या हातात, कारण ते औषध पोरांच्या हाती द्यायचं नसतं. बाटलीत औषध चार-पाच वेळा पुरेल एवढंच उरलेलं. गावच्या टाकीपासून शाळेपर्यंत एकच पाइप आणि त्यावर वीसेक नळ. मी हुकूम सोडला, "वरून सुरुवात करू, एकेक नळ."

"मॅडम, वरच्या चार-पाच घरातच औषध सरून जाईन," तीच किडकिडीत पोरगी. "आपुन भुलाबाईच्या खाऊसारखं करू न."

भुलाबाईचे दिवसच चालू होते. पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा वाजवून विचारते, ओळखा खाऊ.

"त्याचं इथं काय?" मी वैतागून विचारलं.

"आमी एकदम लाडू, चिवडा, शेव अशे नावं घेत नाई. आधी पुसतो, ओला का कोरडा? अर्धे नावं तिथंच जाते. मंग गोड का तिखट? अजून अर्धे जाते. तसं आधी मधला नळ पाहू. तिथं पिवयं झालं तं वरचे सारे नळ चांगले. मंग पुसाचंच कायले?"

मी डी.एड. केलेली, सतरा प्रशिक्षणं उरकलेली बाई रस्त्यात उभी राहून त्या पोरीकडे बघत राहिले. लहानपणी मीही भुलाबाईचा खाऊ असाच ओळखायची की! मला का नाही सुचलं?

मधला नळ किराणा दुकानासमोरचा. नळीत पाणी धरलं, थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. पोरं ओरडली. नळ सोडणारा माणूस मागून येत होता, तो सगळ्यात जास्त खुश. गावात त्याच्या मागेही कुजबुज सुरू झाली होती. "सांगून राह्यलो न मी, पावडर टाकतो मनून! कोनी मानून नाई राह्यलं," तो म्हणाला.

मग खालच्या अर्ध्यातला मधला, पिठाच्या गिरणीचा नळ. थेंब टाकले. आम्ही सगळे नळीवर ओणवे झालो. पाणी जसंच्या तसं.

पोरांनी आपणहून मागे वळून वर बघितलं, दुकान आणि गिरणीच्या मधे. तिथं अंगणवाडीचा नळ होता. पळत गेलो. पिवळं! म्हणजे जे काही होतं ते अंगणवाडी आणि गिरणीच्या मधल्या तुकड्यात. त्या तुकड्यात दोन घरं, एक गोठा आणि रस्त्याखालून जाणारी नाली, तीही तुंबलेली.

नळवाल्यानं पाणी बंद झाल्यावर नालीतला गाळ उपसला. पाइप नालीतूनच गेला होता. सांध्याला कोणीतरी कधीकाळी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, ती कुजून लोंबत होती. "नळ बंद झाला की रिकामा पाइप उलटा ओढते," त्यानं पोरांना समजावलं. "मंग हे सारं आत जाते, अन् पुढच्या पान्यासंग तुमच्या शाळेत." पोरांनी नाकं दाबली, पण एकही जण मागे सरला नाही. मला त्या पोरांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले आणि मी उगाचच एकाला चप्पल नीट घाल म्हणून रागावले.

सायंकाळी मी मावशीच्या घरी गेले. ती कोणाच्या तरी शेतातून सोयाबीन सोंगून नुकतीच आली होती, पाय धूत होती. पोरं माझ्या आधीच येऊन सगळं सांगून गेली होती. मी उभ्या उभ्या म्हटलं, "मावशी, पाइपातून घाण येत होती. तुझा काही दोष नाही. अध्यक्षांशी बोलले मी, ये म्हणालेत."

तिनं मला पाणी दिलं. मग म्हणाली, "पाइपाचं समजलं मले. पन मॅडम, वरची खिचडी अन् खालची खिचडी, हे काई पाइप बोलला नाई."

मी पेला खाली ठेवला.

"त्या दिवशीची ताटली मीच उचलली. घास कमी नव्हता झाला."

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मी बोलली असती तं कोनी आइकलं असतं? बोलाची पाळी तुमची व्हती." राग नव्हता आवाजात. असता तर मी भांडून मोकळी झाले असते. "मले पाइपानं नाई काढलं. तुमी काढलं. मी काई येत नाई."

घरी येताना मी ठरवलं, शनिवारी समितीच्या बैठकीत सांगायचं. नवऱ्यालाही त्या रात्री सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नोकरी?" मी म्हटलं, "पाहू." मोठं शूर वाटलं तेव्हा.

शनिवारी बैठकीत पोरांनी पाइपाचं चित्र फळ्यावर काढलं, कोणत्या नळाला काय झालं ते सांगितलं. टाळ्या पडल्या. हेडसरांनी फोटो काढले. पाइप बदलायचं ठरलं. सगळे माझं कौतुक करत होते आणि मी मान हलवत होते. मावशीला पोरांनी ओढून आणलं होतं, ती दाराशी बसली होती. सांगायची वेळ येऊन गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. चहा आला. आता उठतील सगळे, असं वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखंही वाटलं.

तेवढ्यात त्या किडकिडीत पोरीनं हात वर केला.

"मॅडम, तुमी तं घरून पान्याची बाटली आनता. टाकीतलं पेत नाई. अन् खिचडी तुमी चाखली व्हती. तुमाले तं काईच नाई झालं. मंग खिचडी चांगली व्हती, हे आपल्याले शुक्रवारीच समजलं असतं न?"

तिच्या मनात काही नव्हतं. तिला खरोखर प्रश्न पडला होता. मी वर्गात हेच शिकवलं होतं आणि ते ती मन लावून शिकली होती. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उभी राहिले.

"मी चाखली नव्हती," मी म्हटलं. "त्या दिवशीही नाही अन् कितीक दिवस नाही. सही खोटी केली. वरची-खालची हे मी भीतीनं बनवून बोलले. मावशीचं काहीच चुकलं नाही, चुकलं माझं." मग मावशीकडे वळले, आणि माझी पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली. "मावशी, मले माफ कर व."

अध्यक्ष खूप बोलले, आणि ते ऐकून घेणं मला भागच होतं. डबेवाल्या घरातली ती बाई माझ्याकडे नाही, मावशीकडे बघत होती आणि तिची मान खाली गेली होती. पुढे मला ऑफिसची नोटीस आली, लेखी खुलासा द्यावा लागला, सेवापुस्तकात शेरा बसला. बसू दे. पोरगी मात्र घाबरली, तिला वाटलं आपण काहीतरी वाईट केलं. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की बाई गं, तू सगळं बरोबर केलंस.

मावशी उठताना एवढंच म्हणाली, "सोमवारी खिचडीच्या गंजाले हात लावाले दोघी जनी लवकर पाठवजा. जड हाय तो." म्हणजे येणार होती.

सोमवारी मी टेबलाशी बसले नाही. पोरांच्या पंगतीत, पाचवीच्या ओळीच्या शेवटी ताट घेऊन बसले. डबेवाल्या घरचा तो पोरगा माझ्या शेजारी येऊन बसला होता, हातात शाळेचं ताट. मावशी वाढत वाढत आली. माझ्या ताटात डाव रिकामा केला आणि पुढे गेलीच नाही. उभी राहिली. पंगतीत अजून कोणी घास उचलला नव्हता, सगळे थांबले होते.

मी घास घेतला. चावला. गिळला.

"कशी हाय?" तिनं विचारलं.

अकरा वर्षांत तिनं हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता, आणि विचारला असता तर उत्तर मला पाठच होतं. मी आणखी एक घास घेतला, नीट.

"मीठ कमी आहे, मावशी. बरंच कमी आहे."

मावशी हसली. इतक्या वर्षांत मी तिला असं तोंडभर हसताना पाहिलं नव्हतं.

"हाव, कमीच टाकलं मी आज," ती म्हणाली. "म्हटलं पाहू, मॅडम चाखते का नुसती सही करते."

मग तिनं पदराच्या गाठीतून मिठाची पुडी काढली आणि पहिलीच्या पोरांपासून चिमूट चिमूट वाढत गेली.